पीककर्जावर लघुप्रबंध लिहितेय, हा विषय कुणी हाताळलाय का?

निफाडची लेक
नमस्कार. नाशिकला एम.ए. अर्थशास्त्र करतेय. वाचलं ते बहुतेक 'कर्ज किती मिळालं' इथेच थांबतं. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के होता, मग १९८२ मध्ये नाबार्ड ही शेतीकर्जाची शिखर बँक, १९९८ मध्ये किसान क्रेडिट कार्ड, पुढे कर्जमाफ्या. मला खटकते ती कर्ज फेडायची तारीख. आमचा उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलात निघतो आणि गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर भरायचं असतं. वडील हातउसने घेऊन नवं-जुनं करतात, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलतात, आणि ते हातउसने फेडायला चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) टाकायचा कांदा पुरता सुकायच्या आत लासलगावच्या बाजारात नेतात. पुढे भाव चढतो तेव्हा चाळ अर्धी रिकामी असते. यावर काम झालंय का?

निवृत्त कृषी अधिकारी, सिन्नर
झालंय, आणि चांगलं झालंय. बर्क, बर्गक्विस्ट आणि मिगेल यांचा २०१९ चा केनियातला अभ्यास आधी वाच. तिथे मक्याच्या सुगीत, भाव पडलेला असताना शेतकऱ्यांना कर्ज दिलं. मका लगेच विकावा लागला नाही, पुढे चढ्या भावात विकला, नफा वाढला. पण ज्या भागात पुष्कळांना कर्ज मिळालं, तिथे भावातला चढउतारच कमी झाला आणि कर्ज घेणाऱ्याचा फायदा घटला. हा भाग सोडू नकोस. दुसरा, कार्लन आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा, उत्तर घानातला. हाती रोकड देण्यापेक्षा पावसाचा विमा दिल्यावर लोकांनी शेतीत जास्त पैसा घातला. म्हणजे अडचण नुसत्या पैशाची नाही, धास्तीचीही आहे.

चांदवडचा कांदेवाला
साहेब, मका आणि कांदा एका मापात मोजू नका. चाळीत घट येते, मोड येतात, खालचा थर सडला की वास बांधापर्यंत येतो. त्यात डिसेंबर २०२३ सारखी निर्यातबंदी आली की ठेवणाराच मरतो. आणि ताई, हातउसने का घेतात तेही लिहा. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर बिनव्याजी पडतं, तारीख हुकली की सवलत गेली. ती वाचवायला माणूस शेकडा दोन-तीन रुपये महिन्यानं पैसे उचलतो. हा हिशेब कुठल्याच दप्तरात सापडायचा नाही, घरोघर बसून विचारावा लागेल.

निफाडची लेक
दादा, हेच हवं होतं. चाळ असलेली आणि नसलेली अशी दोन्ही घरं घेते. सोसायटीच्या सचिवांना कधी भेटू?

चांदवडचा कांदेवाला
मार्च सोडून कधीही.