जुन्या गेम कन्सोलसाठी ट्यूबचा टीव्ही : आरजीबी जोडणी हवी की पिवळी वायर पुरेशी?

पांझराकाठ, धुळे

मागच्या दिवाळीनंतर जळगावच्या एका भंगार व्यापाऱ्याकडे मला २१ इंची, सपाट काचेचा ट्यूबचा टीव्ही मिळाला. त्याच्या पाठीमागे नेहमीच्या पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल खोबणींच्या शेजारी हिरवी, निळी आणि लाल अशा आणखी तीन खोबणी होत्या, आणि त्या तीन खोबणींमुळेच हा विषय मांडावासा वाटला. माझे मत असे आहे की सुपर निन्टेन्डो, मेगा ड्राइव्ह आणि प्लेस्टेशन यांचे चित्र पिवळ्या वायरीने पाहणे म्हणजे ते अर्धेच पाहणे होय.

या कन्सोलच्या आत चित्र तयार होते ते तांबडा, हिरवा आणि निळा, म्हणजेच आरजीबी, अशा तीन वेगळ्या संकेतांच्या रूपात. पिवळ्या वायरीत, म्हणजे कॉम्पोझिट जोडणीत, उजेड आणि रंग यांची सगळी माहिती एकाच तारेत कोंबली जाते आणि टीव्हीला ती पुन्हा वेगळी करावी लागते. ही फोड कधीच पूर्ण होत नाही, म्हणून अक्षरांच्या कडेने सरकणारे बारीक ठिपके दिसतात आणि तांबडा रंग आपली हद्द सोडून शेजारी पसरतो. अँटेनाच्या खोबणीतून चॅनेल लावून पाहिले, तर चित्र याहूनही खराब येते. एस-व्हिडिओमध्ये उजेड आणि रंग दोन वेगळ्या तारांनी जात असल्यामुळे ते ठिपके नाहीसे होतात, आणि आरजीबीमध्ये मुळात काही मिसळलेलेच नसल्यामुळे वेगळे करण्याचा प्रश्नच उरत नाही.

आपल्याकडे याला आणखी एक सबळ कारण आहे. भारतातले टीव्ही पीएएल पद्धतीचे, म्हणजे ६२५ रेषा आणि ५० हर्ट्झचे. जपानी आणि अमेरिकी कन्सोल मात्र एनटीएससी पद्धतीचे, म्हणजे ५२५ रेषा आणि ६० हर्ट्झचे. रंग ज्या लहरीवरून वाहून नेला जातो ती पीएएलमध्ये ४.४३ मेगाहर्ट्झची आणि एनटीएससीमध्ये ३.५८ मेगाहर्ट्झची असते, त्यामुळे फक्त पीएएल ओळखणाऱ्या टीव्हीला जपानी कन्सोल पिवळ्या वायरीने जोडला की चित्र कृष्णधवल येते. पुष्कळांना त्या वेळी कन्सोलच बिघडला आहे असे वाटते. आरजीबी किंवा कंपोनंट (माझ्या टीव्हीच्या त्या हिरव्या, निळ्या आणि लाल खोबणींच्या) जोडणीत ही लहरच नसते, त्यामुळे टीव्हीने ६० हर्ट्झचा वेग धरला की रंग बरोबर उमटतात.

युरोपात आरजीबीसाठी स्कार्ट नावाची २१ पिनांची खोबण घरोघरी होती. आपल्याकडे ती रुजली नाही. म्हणून मी सुपर निन्टेन्डोची आरजीबी वायर एका लहान रूपांतरक पेटीत नेतो, आणि ती पेटी आरजीबीचे कंपोनंट करून टीव्हीच्या त्या तीन खोबणींना देते. हा मार्ग नसेल आणि कोणाला स्टुडिओत किंवा रुग्णालयात वापरलेला सोनीचा पीव्हीएम मॉनिटर मिळत असेल, तर त्याने तो हातचा सोडू नये, कारण त्यात आरजीबी थेट जोडता येते.

गिरणाकाठ, चाळीसगाव

दादा, तुमची तांत्रिक मांडणी मला मान्य आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. अधिक स्पष्ट चित्र म्हणजे अधिक चांगले चित्र, हे तुम्ही गृहीत धरले आहे, आणि माझा आक्षेप नेमका तेथेच आहे.

मेगा ड्राइव्हचे उदाहरण घ्या. त्याच्याकडे एकूण ५१२ रंग आणि एका वेळी पडद्यावर साधारण ६४, एवढीच शिदोरी होती, आणि एका रंगातून दुसरा रंग आरपार दाखवण्याची सोय जवळजवळ नव्हती. म्हणून चित्रकारांनी एक सोडून एक अशा उभ्या रेघा काढल्या. १९९१ सालच्या सोनिकमधला धबधबा पिवळ्या वायरीने पाहा : त्या रेघा एकमेकींत विरघळतात, पाणी पारदर्शक होते आणि मागचे खडक दिसतात. तोच धबधबा आरजीबीने पाहिला तर पाण्याच्या जागी खिडकीचे गज दिसतात. तुम्ही ज्याला दोष म्हणता, तो त्या चित्रकाराच्या हातातला रंग होता.

दुसरा मुद्दा आपल्या भागाचा आहे. चाळीसगाव, पाचोरा, भडगावकडच्या घरांत सुपर निन्टेन्डो किती आले? आमच्याकडे आली ती १९८३ सालच्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम कन्सोलची नक्कल, पिवळ्या काडतुसांची, आणि ‘९९९९ खेळ एकात’ असे लिहिलेली. मूळ फॅमिकॉममध्ये चित्र तयार करणारी चिप थेट कॉम्पोझिट संकेतच बाहेर टाकते. तिच्या पोटात आरजीबी नाहीच, तर बाहेर कोठून काढणार? त्यासाठी मूळ चिपच्या जोडीला वेगळे सर्किट बसवावे लागते, आणि स्वस्त नकलांमध्ये तर सगळे काही काळ्या डांबरासारख्या एकाच थेंबाखाली झाकलेले असते. मी लहानपणी ज्या चित्रावर जीव लावला, ते या वायरीचेच चित्र होते.

पांझराकाठ, धुळे

धबधब्याचे उदाहरण खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. परंतु एका कन्सोलच्या काही खेळांवरून सगळ्यांचा नियम ठरवता येणार नाही. सुपर निन्टेन्डोला रंगांची बेरीज-वजाबाकी करून खरी पारदर्शकता दाखवता येत होती, त्यामुळे त्याला रेघांची युक्ती फारशी लागत नव्हती. आर्केडच्या यंत्रांत तर ट्यूबला आरजीबीच जोडलेले असे, आणि घरी आलेले कितीतरी खेळ आधी तेथे जन्मले होते. त्या चित्रकारांनी स्वच्छ कडा पाहिल्या होत्या आणि त्या तशाच दिसाव्यात अशी त्यांची इच्छा होती, असे मानायला पूर्ण जागा आहे.

बोरीकाठ, अमळनेर

माझ्याकडे १७ इंची जुना संगणकाचा मॉनिटर पडून आहे. तोही ट्यूबचाच आहे, तर मग टीव्ही शोधत का फिरायचे? त्यावरची अक्षरे तर कोणत्याही टीव्हीपेक्षा रेखीव दिसतात.

जंक्शन, भुसावळ

मी ३० वर्षांपासून टीव्ही दुरुस्ती करतो, म्हणून आधी अमळनेरच्या भाऊंना उत्तर देतो. संगणकाचा मॉनिटर सेकंदाला साधारण ३१,५०० आडव्या रेषांपासून पुढे काम करतो आणि जुना कन्सोल साधारण १५,७०० रेषा देतो. निम्म्या वेगाचा संकेत तो मॉनिटर धरणारच नाही. मध्ये रेषा दुप्पट करणारे यंत्र घातले तर चित्र येते, पण प्रत्येक रेषा दोनदा काढली जाते आणि दोन रेषांमधली ती बारीक काळी फट जाते, जिच्यामुळे ट्यूबवरचे चित्र विणल्यासारखे दिसते. ड्रीमकास्ट हा कन्सोल असेल तर मात्र तो मॉनिटर टाकू नका, कारण त्याचे बहुतेक खेळ ३१,५०० च्याच वेगाने व्हीजीए, म्हणजे संगणकाच्या मॉनिटरच्या, जोडणीवर येतात आणि फार सुंदर दिसतात.

आता मूळ वादाविषयी. दोघेही वायरीवर भांडत आहात आणि ट्यूबकडे कोणी पाहत नाही, याचे मला वाईट वाटते. आपल्या भागात आज जे सेट मिळतात त्यांतल्या कितीतरी सेटांत मूळ बोर्ड राहिलेलाच नाही. तो जळाल्यावर चायना किट बसवलेले असते. पाठीमागे खोबणी जुन्याच दिसतात, पण आत त्या कोठेही जोडलेल्या नसतात. चित्र कडांना वाकते, वर्तुळ अंड्यासारखे येते, आणि मग लोक वायर बदलत बसतात. सेट घेण्यापूर्वी तो निदान २० मिनिटे चालू ठेवून पाहावा. सुरुवातीला एक रंग उशिरा येत असेल किंवा उजळ भाग ओघळल्यासारखे दिसत असतील, तर ट्यूब थकली आहे असे समजावे. अशा ट्यूबला बूस्ट करून थोडे दिवस चालवता येते, पण ते औषध कायमचे नाही.

सेट चांगला असेल तर पैसे न लागणारी कामे आधी करावीत. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणावा, कारण तो तपशील वाढवत नाही, प्रत्येक कडेला एक पांढरी सावली चिकटवतो. कॉन्ट्रास्ट दुकानात ठेवलेला असतो तसा शंभरावर ठेवू नये. किरण जाड होतो आणि रेषा एकमेकींना मिळून जातात. ब्राइटनेस नावाच्या बटणाने प्रत्यक्षात काळा रंग किती काळा हे ठरते, म्हणून तो अंधाऱ्या चित्रावर लावावा. कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग असतील तर ते चुंबकत्वाचे असतात. जवळचा स्पीकर हलवावा आणि सेट पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा चालू करावा, म्हणजे आतली चुंबकत्व घालवणारी डिगॉसिंग कॉइल आपले काम करते.

फोकस आणि स्क्रीन हे दोन प्रिसेट, म्हणजे फिरवायचे स्क्रू, ईएचटीवर, म्हणजे ट्यूबसाठी उच्च दाब तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, असतात. त्यांनी चित्रात सर्वांत मोठा फरक पडतो, आणि नेमक्या त्यांनाच घरी हात लावू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. रंगीत ट्यूबवर २५,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो ट्यूबमध्ये साठून राहू शकतो. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

शेवटी उन्हाळा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो आणि सेटच्या आत तर त्याहूनही जास्त असते. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते, असा आमचा ठोकताळा आहे. चित्राची उंची कमी होऊ लागली किंवा वरच्या बाजूला रेषा दुमडू लागल्या, तर व्हर्टिकलचे, म्हणजे चित्राची उंची सांभाळणाऱ्या सर्किटचे, कंडेन्सर आधी तपासावेत. पत्र्याच्या खोलीत दुपारी सेट चालवू नये.

तोरणमाळ, नंदुरबार

वरचा प्रतिसाद वाचून माझे मत अधिकच पक्के झाले. एवढी जोखीम, एवढी शोधाशोध, आणि शेवटी ट्यूब थकणारच आहे. नवी ट्यूब बाजारात येत नाही. मी ४के ओएलईडी पडद्यावर खेळतो. जुन्या कन्सोलच्या चित्राच्या २४० रेषांना ९ ने गुणले की बरोबर या पडद्याच्या २१६० रेषा होतात, म्हणजे प्रत्येक मूळ रेषेला नऊ रेषा मिळतात, आणि तेवढ्या जागेत ट्यूबची जाळी, किरणाची जाडी आणि मधली फट हे सगळे संगणकाने रेखाटता येते. चाळीसगावच्या दादांना हवा असलेला धबधबाही त्यात विरघळतो. साध्या १०८० रेषांच्या पडद्यावर हे जमत नव्हते, कारण तेथे गुणोत्तर साडेचार पडते. माझ्या मते येत्या काळात हा वाद ट्यूबच्या बाहेरच सुटेल.

गिरणाकाठ, चाळीसगाव

नऊपटीचा हिशेब बरोबर आहे आणि स्थिर चित्रात तुमचा पडदा बाजी मारत असेलही. परंतु खेळ स्थिर नसतो. ट्यूबवरचा प्रत्येक ठिपका क्षणभर उजळतो आणि विझतो, म्हणून धावणाऱ्या पात्राची कड डोळ्यांना स्वच्छ दिसते. ओएलईडीवर तेच चित्र पुढचे चित्र येईपर्यंत जागच्या जागी थांबून राहते आणि सरकताना पुसट होते. मध्ये काळे चित्र घालून हे कमी करता येते, पण त्यात उजेड जातो.

शिवाय बंदूक. आमच्या नकलेसोबत आलेली बदक मारायची बंदूक आजही ट्यूबवर चालते. ती पडद्यावरचा उजेड नेमक्या त्या क्षणी उमटतो की नाही हेच पाहते, आणि थोडासा उशीर करणाऱ्या कोणत्याही नव्या पडद्यावर ती आंधळी होते. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला हा खेळ दाखवायचा तर माझ्यापुढे ट्यूबशिवाय मार्ग नाही.

तोरणमाळ, नंदुरबार

बंदुकीचा मुद्दा मला मान्य आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. गतीच्या बाबतीतही ट्यूब पुढे आहे हे मी स्वीकारतो, फक्त ती किती वर्षे पुढे राहील याची मला चिंता वाटते.

पांझराकाठ, धुळे

भुसावळच्या काकांचा प्रतिसाद वाचून मी काल रात्री माझा सेट अर्धा तास तापू दिला आणि मग २४०पी टेस्ट सूट या मोफत प्रोग्रामातली चौकटींची जाळी लावून पाहिली. डाव्या कडेला उभ्या रेषा आत वाकत होत्या आणि शार्पनेस मी स्वतःच ७० वर ठेवलेला होता. आरजीबीचा एवढा आग्रह धरताना मी हे तपासले नव्हते, याचे मला वाईट वाटले. शार्पनेस उतरवल्यावर पिवळ्या वायरीचे चित्रही पूर्वीपेक्षा पुष्कळ सुसह्य झाले.

तरीही माझे मत मी पूर्ण मागे घेत नाही. फॅमिकॉमच्या नकलेसाठी पिवळी वायर योग्य आहे, कारण तेथे दुसरे काही अस्तित्वातच नाही. मेगा ड्राइव्हसाठी मी आता दोन्ही वायरी जोडून ठेवीन आणि खेळ पाहून निवड करीन. परंतु सुपर निन्टेन्डो आणि प्लेस्टेशनसाठी कंपोनंटच, आणि ज्यांना रूपांतरक पेटी मिळत नाही त्यांच्यासाठी एक सोपी वाट आहे : प्लेस्टेशन २ ला कंपोनंट वायर लावून त्यात पहिल्या प्लेस्टेशनची डिस्क घातली, तर ती मूळच्या २४० रेषांतच चालते. तो कन्सोल आपल्या जिल्ह्यांत अजून सहज मिळतो.

काका, डाव्या कडेचा वाक योक (ट्यूबच्या मानेवरची कॉइल) सरकवून जाईल की सर्व्हिस मेन्यूतून? मी सेट उघडणार नाही. तुम्ही म्हणाल त्या रविवारी तो गाडीत घालून भुसावळला घेऊन येतो.

जंक्शन, भुसावळ

एकाच कडेला वाक असेल तर आधी सेटची दिशा बदलून पाहा आणि जवळ लोखंडी कपाट आहे का ते बघा. तरीही राहिला तर घेऊन या. आणताना काचेची बाजू गाडीच्या सीटच्या पाठीला टेकवा, ट्यूबच्या मानेवर भार येऊ देऊ नका, आणि सकाळी लवकर निघा.