काईटसर्फिंग : लाटांवर जायचं तर वारा कुठून हवा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे पाण्यात पडणारे बरेच आहेत म्हणून धागा काढतोय.

दोन सीझन गोव्यात मोरजी-आश्वेला काईटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डवरून पाण्यावर धावणं, शिकलो. दुपारी खारे वारे सुटले की १२ चौरस मीटरचं काईट (पतंग) घ्यायचं आणि ट्विनटिपवर (दोन्ही टोकं सारखी असलेल्या, दोन्हीकडे चालणाऱ्या बोर्डवर) येरझाऱ्या घालायच्या. वारा वायव्येचा, म्हणजे किनाऱ्यावर तिरका येणारा. काही बिनसलं तरी थोड्या वेळात आपण आपोआप वाळूवर. आमच्या गुरूंचा पहिल्या दिवसापासूनचा दंडक : वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर काईटमध्ये हवासुद्धा भरायची नाही.

आता ऑगस्टमध्ये मॉरिशसला ल मोर्नला चाललोय. स्ट्रॅप (पाय अडकवायचे पट्टे) नसलेला बोर्ड घेऊन लाटांवर जायचंय. आणि जो तो सांगतोय की लाटांसाठी सर्वांत भारी वारा साइड-ऑफ, म्हणजे किनाऱ्याला समांतर पण थोडा समुद्राकडे ढकलणारा. गुरूंनी वर्ज्य सांगितलेलाच की हा!

दुसरं, एप्रिलमध्ये आश्वेलाच लाट धरून बघितली. लाटेवरून खाली आलो की दर वेळी लाइन्स (काईटच्या दोऱ्या) ढिल्या पडायच्या आणि काईट पाण्यात. वारा चुकीचा होता की मी?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

— भरतीओहोटी

प्रतिसाद १ : वल्हेकरी

तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे.

आश्वेला लाट तुम्हाला किनाऱ्याकडे नेते, आणि काईटही साधारण तिकडेच, तुमच्या पुढे. म्हणजे तुम्ही काईटच्या दिशेनेच धावताय. काईटला मिळणारा वारा कमी होतो, लाइन्स सैल पडतात, काईट मागे कोसळतं. पूर्ण ऑनशोअर (समुद्राकडून थेट किनाऱ्यावर येणाऱ्या) वाऱ्यात हे आणखी वाईट, शिवाय लाटही पाठीमागून ढकलली जाऊन लवकर फुटते, नुसता फेस.

वारा किनाऱ्याला समांतर असला की लाट एकीकडे नेते आणि काईट बाजूला ओढतं. ताण टिकतो. त्यात वारा थोडा जमिनीकडून असेल तर तो लाटेच्या भिंतीला समोरून टेकू देतो. भिंत गुळगुळीत राहते, उशिरा फुटते, आणि वळून वर जाताना काईट तुम्हाला लाटेमागे ओढून घेतं. लोक वेडे होतात ते यासाठी.

आणि कोन मोजायचा तो लाटेशी, किनाऱ्याशी नव्हे. लाट रीफला (पाण्याखालच्या प्रवाळ खडकाला) वळसा घालून येत असेल तर तोच वारा दोनशे मीटरवर वेगळा लागतो.

तुम्ही अगदीच निर्दोष नाही हं. लाट धरल्यावर बार (काईट चालवायचा हातातला दांडा) पूर्ण ओढून धरला असणार. तो थोडा सोडा, काईटला वाऱ्याबरोबर वाहू द्या.

प्रतिसाद २ : खारवी

वल्हेकरींशी सहमत, पण गुरूंचा दंडक मोडू नका. साइड-ऑफमध्ये काईट पडलं की तुम्ही दर मिनिटाला जमिनीपासून लांब. पोहून परत येणं विसरा. जमिनीवरून येणारा वारा झाडंझुडपं, डोंगर ओलांडून येतो, त्यामुळे झटकेही खातो. गोव्यात पहाटेच्या मतलई वाऱ्यावर तर अजिबात नको. माडांमागून येतो आणि दिवस वर आला की मरतो. तुम्ही समुद्रात आणि वारा गायब!

माझं मत : पहिल्या पन्नास लाटा शुद्ध साइडशोअरमध्ये, म्हणजे किनाऱ्याला समांतर वाऱ्यात. साइड-ऑफला बोट सोबत असेल तरच.

प्रतिसाद ३ : पोर्टलुईकर

नोकरीनिमित्त मॉरिशसमध्ये काही वर्षं होतो. (तिथली मराठी मंडळी भेटलीच तर गप्पांना वेळ राखून ठेवा.) ऑगस्टमध्ये आग्नेयेचे व्यापारी वारे असतात, महिना उत्तम निवडलात.

'वन आय'चं (ल मोर्नच्या रीफवरची प्रसिद्ध लाट) नाव ऐकून गेला असाल तर यंदा लांबूनच नमस्कार करा. वारा साइड-ऑफ, खाली उथळ प्रवाळ, वाहून गेलात तर पुढे हिंदी महासागर. आधी लगून (रीफच्या आतलं शांत पाणी), मग स्थानिक माणसाबरोबर छोट्या रीफवर.

एक गोष्ट कुणी बोललं नाही. आश्वेला समुद्राकडे तोंड केलं की वारा उजवीकडून येतो, त्यामुळे किनाऱ्याकडे येताना तुमचा डावा पाय पुढे असतो. ल मोर्नला वारा डावीकडून. लाटेवर येताना उजवा पाय पुढे! ट्विनटिपवर कळत नाही. स्ट्रॅप नसलेल्या बोर्डवर पाय बदलावे लागतात, नाहीतर लाटेकडे पाठ. मी पहिला आठवडा यातच घालवला.

भरतीओहोटी :

उजव्या पायाचं डोक्यातही आलं नव्हतं! वल्हेकरी, बार ओढून धरतो हे कसं ओळखलंत? खारवीकाका, बोटीशिवाय जात नाही, शब्द दिला.

कालपासून गॅलरीत पाटाखाली लाटणं ठेवून उजवा पाय पुढे करून उभा राहतोय. लाटण्यावरून घरात वेगळंच वादळ आहे. पोर्टलुईकर, पाय बदलायचे ते लाट धरायच्या आधी की धरल्यावर?

पोर्टलुईकर :

आधी. लाट मागे दिसली की वळतानाच. धरल्यावर बदलायला गेलात तर बोर्ड एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे.