वेझलेच्या बाझिलिकेत (मोठ्या चर्चमध्ये) नेमकं काय पाहावं?

प्रश्न: २१ जूनच्या आसपास फ्रान्समधल्या बर्गंडीत आहे. तिथल्या वेझले गावाला अर्धाच दिवस मिळेल. काय चुकवू नये?

उत्तर: घाईनं आत शिरू नका. प्रवेशदालनातच थांबा. आतल्या दारावर बाराव्या शतकातलं शिल्प आहे: मध्ये ख्रिस्त, त्याच्या हातांतून शिष्यांकडे जाणारे किरण, कडेला दूरदेशीचे लोक, अगदी कुत्रमुखीसुद्धा! मी मान अवघडेपर्यंत बघत होते. २१ जूनच्या सुमाराला दुपारी पावणेदोनला मात्र मधल्या दालनात हवंच. दक्षिणेच्या खिडक्यांतून उन्हाचे कवडसे वेदीपर्यंत सरळ रांगेत पडतात.

प्रश्न: इमारत मूळचीच का?

उत्तर: बरीचशी. कोसळायच्या बेतात होती. १८४० पासून वास्तुविशारद व्हिऑले-ल-द्युकनं सावरली.

दुसरं उत्तर: तळघरात ख्रिस्ताची शिष्या मारी मॅग्डालीन हिचे मानले जाणारे अवशेष आहेत, तिथेही जा. ११४६ च्या ईस्टरला संत बर्नार्ड या मठाधिपतीनं दुसऱ्या धर्मयुद्धाची (क्रूसेडची) हाक वेझलेलाच दिली.