केनी डाल्ग्लिश: थोर मॅनेजर, की आयत्या बिळावर नागोबा?

मिडफिल्डर:
मोठा फुटबॉलपटू चांगला मॅनेजर (संघाचा मुख्य प्रशिक्षक) होत नाही, असं कुणी म्हटलं की मी डाल्ग्लिशचं नाव घेतो. १९८५ मध्ये हायसेलच्या दुर्घटनेपाठोपाठ (ब्रसेल्सच्या त्या स्टेडियममध्ये लिव्हरपूलच्या युरोपियन कप फायनलआधी प्रेक्षकांचे जीव गेले होते), वयाच्या ३४व्या वर्षी तो लिव्हरपूल या इंग्लिश क्लबचा खेळाडू-मॅनेजर झाला. पहिल्याच मोसमात इंग्लंडची लीग आणि एफए कप ही बाद फेरीची स्पर्धा, दोन्ही! चेल्सीच्या मैदानावर लीग पक्की करणारा गोल त्याचाच. बेग्लिनने उचलून दिलेला बॉल छातीवर घेतला आणि जमिनीला टेकायच्या आत जाळ्यात मारला. तुमचं मत काय?

ऑफसाइड:
खेळाडू म्हणून दंडवत. पण मॅनेजर? शँकली, पेझ्ली, फेगन या आधीच्या मॅनेजरांनी घडवलेला क्लब त्याला आयता मिळाला, वर पेझ्ली सल्ल्याला हजर. पुढे ब्लॅकबर्न क्लबला श्रीमंत मालक जॅक वॉकरची तिजोरी. त्यानंतर न्यूकॅसलला खरी परीक्षा झाली, तर १९९७-९८ मध्ये तेरावा नंबर आणि पुढच्या मोसमात दोन सामन्यांनंतर नारळ.

मिडफिल्डर:
@ऑफसाइड, आयता म्हणे! १९८७ मध्ये इयन रश युव्हेंटसला गेला. गोल करणारा मुख्य माणूसच गेल्यावर संघ कोलमडायला हवा होता. डाल्ग्लिशने ऑल्ड्रिज आधीच आणून ठेवला होता, मग बार्न्स आणि बिअर्डस्ली घेतले. तो संघ पेझ्लींचा नव्हता, खेळही वेगळा होता. लीगचे पहिले २९ सामने हरले नाहीत. युरोपातला चषक नाही म्हणाल, तर हायसेलनंतर इंग्लिश क्लबांवर आलेल्या बंदीमुळे त्या सगळ्या काळात लिव्हरपूलला युरोपात खेळताच आलं नाही.

स्टॉपेज टाइम:
तुम्ही दोघं नुसते चषक मोजताय. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात चेंगराचेंगरी झाली, लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांचे जीव गेले. डाल्ग्लिश मृतांच्या घरच्यांना भेटला, अंत्यविधींना गेला, एका दिवसात चार-चार. कुठल्या मॅनेजरला हे शिकवलेलं असतं? फेब्रुवारी १९९१ मध्ये एव्हर्टनशी ४-४ झाल्यावर दोन दिवसांत त्याने राजीनामा दिला, तेव्हा संघ लीगमध्ये पहिला होता. माणूस आतून संपला होता. तो पळाला म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

ऑफसाइड:
पळाला असं मी म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही. त्याच्या माणुसकीबद्दल वाद नाहीच. पण त्यावरून मॅनेजर म्हणून मार्क द्यायचे नाहीत. २०११ मध्ये लिव्हरपूलला परत आला, स्ट्रायकर अँडी कॅरोलवर ३५ मिलियन पौंड घातले आणि पुढच्या मोसमात आठवा नंबर. हे कशात बसवायचं?

मिडफिल्डर:
कॅरोलचा सौदा फसला, मान्य. पण त्याच आठवड्यात सुआरेझसारखा स्ट्रायकरही आला, तो का विसरता? आणि २०१२ चा लीग कप हा क्लबचा सहा वर्षांतला पहिला चषक होता. तरी मे महिन्यात त्याला काढलं. मला तो निर्णय आजही पटत नाही.

राहिली ब्लॅकबर्नची तिजोरी. १९९१ मध्ये डाल्ग्लिश तिथे रुजू झाला तेव्हा तो क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता, १९९५ ला प्रीमियर लीगचा, म्हणजे सर्वोच्च लीगचा विजेता. १९९२ मध्ये स्ट्रायकर शिअरर मँचेस्टर युनायटेडलाही हवा होता. तो नुकत्याच वरच्या लीगमध्ये आलेल्या ब्लॅकबर्नला का गेला? नुसत्या पगारासाठी? @ऑफसाइड, याचं उत्तर द्या, मग पुढे बोलू.