जुन्या लॅपटॉपमधली लिनक्सची डिस्क नव्यात: तुमचे अनुभव सांगा

सातरस्ता:
भाच्यानं नवा लॅपटॉप घेतला. काल विचारत होता, "मामा, लिनक्सचं उबुंटू परत पहिल्यापासून टाकायचं का?" त्यावरून आमच्या कारखान्यातला जुना लॅपटॉप आठवला. बिजागरी तुटलेली, स्क्रीनवर उभ्या रेघा, पण बापूंनी काढलेली चादरींची सगळी जकार्ड डिझाइनं त्यातच. डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपात बसवली, बटण दाबलं, तर तोच डेस्कटॉप! ड्रायव्हर शोधावे लागले नाहीत, बहुतेक कर्नलबरोबरच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबरच, येतात. बापू मागं उभे. "मोराचं उघड," एवढंच म्हणाले. उघडलं, तर पिसाऱ्यातला चौकोन न् चौकोन जागेवर. तुमच्याकडं काय झालं? सविस्तर लिहा.

शेंगाचटणी:
आमच्यात चालूच होईना ओ. बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणे. यूईएफआयमध्ये (नव्या मशीनचं बायोस, लॅपटॉप चालू करणारं) बूटची नोंद मदरबोर्डवर राहते, डिस्कबरोबर येत नाही. लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरूनच लिनक्स चालतं तो) लावून ग्रब, म्हणजे लिनक्स चालू करून देणारा प्रोग्रॅम, परत बसवला, मग आलं.

हुतात्माएक्स्प्रेस:
+१. आणि सिक्युअर बूट (सही नसलेलं काही चालू होऊ न देणारी बायोसची सेटिंग) पण बघा. गाडीत आहे, कुर्डुवाडी आली, बाकीचं घरी गेल्यावर.

कडकभाकरी:
कुकर लावून लिहितेय. नव्यात आधीची एक डिस्क होती, त्यामुळं लिनक्समध्ये आमच्या डिस्कचं नाव एसडीएचं एसडीबी झालं. तरी काही अडलं नाही, एफस्टॅबमध्ये (चालू होताना काय कुठं जोडायचं ती यादी) नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे डिस्कच्या प्रत्येक भागाचे कायमचे ओळख क्रमांक, होते. ज्यांनी तिथं हातानं एसडीए लिहिलंय त्यांनी डिस्क काढायच्या आधी बदला.
सातरस्ता, बापूंचं वाचून डोळे भरले. आमचे सासरे पण मागावरच होते, अशोक चौकात.

जुनामाग:
डिस्क बसलीच नाही. जुनी अडीच इंची साटा, नव्यात फक्त एम.२ एनव्हीएमईची (पट्टीसारख्या छोट्या डिस्कची) जागा. नवी पेठेतून यूएसबीचा डबा आणला, डीडी या कमांडनं अख्खी डिस्क नवीवर उतरवली. मित्रांनो, कॉपी झाली की जुनी काढा आणि मगच बूट करा! दोन्हींचे यूयूआयडी तेच असतात, एक सोडून दुसरीच माउंट व्हायची (जोडली जायची).

शेंगाचटणी:
हे भारी सांगितलं बे. सेव्ह केलं.

लेकीचीआई:
मला यातलं कळत नाही, पण ती मोराची चादर अजून मिळते का? लेकीच्या लग्नात द्यायची आहे.

सातरस्ता:
मिळते की ताई. व्यनि (खासगी निरोप) करा, रंग दाखवतो.

हुतात्माएक्स्प्रेस:
पोचलो. माझ्या नव्या इंटेल लॅपटॉपात डिस्क दिसतच नव्हती. बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) इंटेलच्या आरएसटीवर होता, साधा एएचसीआय केला, दिसली. त्याच मशीनवर विंडोज ठेवणार असाल तर बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कच्या कुलपाची) रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. सिक्युअर बूट बदललं तरी ती मागू शकतो. आणि जुन्यात एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर टाकलेला असेल, नव्यात ते कार्ड नसेल, तर डिस्क हलवायच्या आधीच तो ड्रायव्हर काढून टाका. भाच्याला सांगा हे.

जुनामाग:
अवांतर: @कडकभाकरी, अशोक चौकात कुठं? आमचं पण घर तिकडंच.

कडकभाकरी:
पाण्याच्या टाकीमागं. थांबा, शिट्टी झाली.