अळीला सोडून देणारी बाई

तुमच्या कवितेत फवाऱ्याची बाटली घेऊन आलेली बाई शेवटच्या कडव्यात अळीला सोडून देते, ते वाचून मन भरून आलं ताई. वरच्या प्रतिक्रियेत कुणी त्याला हळवेपणा म्हटलंय, मला नाही पटत. आमच्या नागपुरात संत्र्यावर, गोडनिंबावर लिंबाच्या फुलपाखराची अळी हमखास असते. लहान असताना पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी, दोन शिंगांसारखा अवयव काढून उग्र वास सोडते. अशा जिवावर फवारा मारवत नाही! कोवळं रोप असेल तर मी तिला उचलून मोठ्या झाडावर ठेवते. माव्याचं, म्हणजे रोपाचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यांचं, कडवं मात्र पटलं. त्यावर ५ टक्के निंबोळी अर्क खुशाल मारा, पण ढालकिडे (लेडीबर्ड) दिसले तर थांबा, ते मावाच खातात.