मदत हवी आहे: स्मोक्ड टर्की आणि भाज्या घालून तिखट-मिठाचे ग्रिट्स, १२ माणसांसाठी

रानजाई

मंडळी, अटलांटाच्या उत्तरेला राहते. येत्या शनिवारी गल्लीतल्या लोकांचं पॉटलक (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) आहे. दर वेळी माझ्याकडून समोशांची अपेक्षा असते. या वेळी मीच हौसेने "ग्रिट्स आणते" म्हणून बसले. ग्रिट्स म्हणजे मक्याचा जाड रवा मऊ शिजवून केलेली लापशी. जॉर्जियात राहून जॉर्जियाच्या माणसांना ग्रिट्स खिलवायचे म्हणजे जरा आगाऊपणाच आहे. या राज्याने २००२ साली ग्रिट्सला अधिकृत खाद्यपदार्थाचा दर्जा दिला आहे, तेव्हा परीक्षक कडक असणार.

ठरवलंय ते असं: दगडी जात्यावर दळलेले पांढरे ग्रिट्स, वर स्मोक्ड मांस आणि भाज्यांचा दाटसर रस्सा. खाणाऱ्यांत दोन घरं डुकराचं मांस न खाणारी आहेत, म्हणून बेकन, हॅम हॉक, अँडुई सॉसेज बाद. दुकानात स्मोक्ड टर्कीच्या तंगड्या मिळतात, त्या आणल्या आहेत. भाज्यांत कांदा, सेलरी, ढोबळी मिरची नक्की. भेंडी आणि कोलार्डची (कोबीच्या जातीची पालेभाजी) पानंही घरात आहेत.

प्रश्न:
१. ग्रिट्स टर्कीच्या पाण्यात शिजवू की साध्या पाण्यात? धुराचा वास सगळीकडे हवा, पण खारट व्हायला नको.
२. आदल्या रात्री भिजवायचे का? पाकिटावर काहीच लिहिलेलं नाही.
३. इथून तिथे नेऊन दोन तास गरम आणि सैल कसे ठेवायचे?
४. तंगडी आतून चांगलीच गुलाबी दिसते. कच्ची आहे का?

झटपट पाच मिनिटांचे ग्रिट्स घ्या असं कृपया सांगू नका, ते माहीत आहेत.

कणीदार

चौथ्याचं आधी सांगतो. गुलाबी रंग खारवण्याच्या मिठामुळे आणि धुरामुळे येतो, त्यावरून कच्चं-शिजलेलं ठरत नाही. तसंही तुम्ही ती पाण्यात उकळणारच आहात. तंगड्या बुडतील इतकं पाणी, एक कांदा, सेलरीचे शेंडे, तमालपत्र, मिरी. मीठ अजिबात नाही. मंद आचेवर दीड-दोन तास, मांस हाडावरून सुटेपर्यंत. मग गाळा आणि चाखा. त्या पाण्याची चव घेतल्याशिवाय पुढचं काहीच ठरवू नका, कारण प्रत्येक कंपनीची टर्की वेगळी खारट असते.

ग्रिट्स रात्रभर भिजवा. एक कप ग्रिट्सला चार कप पाणी. ढवळून दोन मिनिटं थांबलात की कोंडा वर तरंगतो, तो चमच्याने काढून टाका. सकाळी त्याच पाण्यात शिजवायला ठेवा. पहिली आठ-दहा मिनिटं हात थांबवायचा नाही. पाणी दुधाळ होऊन आळायला लागलं की आच अगदी बारीक, झाकण, आणि दर दहा मिनिटांनी तळापासून ढवळणं. भिजवलेले असले तरी पाऊण ते एक तास धरा. घट्ट वाटले तर गरम पाणीच घाला.

एक कप कोरड्या ग्रिट्सचे चार जणांना पुरतात. १२ जणांना तीन कप, म्हणजे एकूण १२ ते १५ कप पाणी. जाड बुडाचं मोठं पातेलं हवं.

लुइझियानाकर

कणीदारांशी बाकी सहमत, पण सगळं साध्या पाण्यात शिजवायचं हे पटत नाही. ग्रिट्सना स्वतःची चव अगदी सौम्य असते. सगळं पाणी टर्कीचं घेतलंत तर खारट तर होईलच, शिवाय मक्याची गोडसर चव मरेल. मी एक वाटा टर्कीचं पाणी, तीन वाटे साधं असं घेतो आणि उरलेलं टर्कीचं पाणी रस्स्यासाठी ठेवतो. वरून मीठ रस्सा आणि ग्रिट्स एका घासात एकत्र चाखल्यावरच.

आमच्याकडे कांदा-सेलरी-ढोबळी मिरची या त्रिकुटाला 'होली ट्रिनिटी' म्हणतात, तेव्हा तुमची सुरुवात बरोबर आहे. रस्सा असा: थोड्या तेलात दोन मोठे चमचे मैदा बदामी रंगावर भाजा, त्यात हे त्रिकूट, मग लसूण, थाइम (सुगंधी पाला), पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीपूड), केयेन (तिखट मिरचीपूड). भाज्या नरम झाल्या की टर्कीचं पाणी थोडं थोडं घालत घोटा. शेवटी मांसाचे तुकडे. रटरट उकळू नका, मांसाचे दोरे होतात.

मोहरी-हळदीच्या फोडणीचा मोह आवरा. एकदा फोडणी पडली की शेजारी कौतुकाने खातील, पण तो मक्याचा उपमा झालेला असेल.

रानजाई

फोडणीचं कसं ओळखलंत! :) भेंडी आणि कोलार्डचं काय? आणि कुकरमध्ये जमेल का?

कणीदार

कुकरमध्ये थेट घातले तर तळाला लागतात. आतल्या भांड्यात पाणी-ग्रिट्स ठेवून, वरणभातासारखं, जमतात. पण मधे ढवळता येत नाही, त्यामुळे उघडल्यावर वर पाणी आणि खाली गोळा असतो. मग घोटून एकजीव करावे लागतात. तीन कपांसाठी एवढं मोठं आतलं भांडंही बसणार नाही. पातेलंच बरं.

बोरिवलीची_नीता

भेंडी किंवा कोलार्ड, दोन्ही नको. माझं मत कोलार्डला, पण रस्स्यात नाही, शेजारी. देठं काढून पानं चिरा, टर्कीच्या पाण्यात पाऊण तास शिजवा, उतरवताना थोडं व्हिनेगर. पानं शिजून उरणाऱ्या पाण्याला इथे 'पॉट लिकर' म्हणतात. तेही वाढा, जुनी माणसं आवडीने मागून घेतात. तेही खारट होतं, म्हणून पानांत मीठ नको. भेंडीच घालायची असेल तर धुऊन पूर्ण कोरडी करून तापलेल्या तव्यावर आधी परतून घ्या आणि वाढायच्या जरा आधी रस्स्यात सोडा, नाहीतर तार सुटेल.

चीज घालणार असाल तर चेडरचा ठोकळा घरी किसा. पाकिटातल्या किसाला चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेलं असतं, तो नीट विरघळत नाही. आच बंद करून लोणी आणि मग चीज. साखरेचं मात्र नावही काढू नका, त्यावरून इथे घरातल्या घरात भांडणं होतात.

लुइझियानाकर

तिसरा प्रश्न राहिलाच. ग्रिट्स आणि रस्सा दोन वेगळ्या भांड्यांत न्या. ग्रिट्स स्लो कुकरमध्ये 'वॉर्म'वर, घरून निघताना हव्यात त्यापेक्षा जरा पातळच, कारण बसल्या बसल्या आळत राहतात. वर लोण्याचे तुकडे पसरा म्हणजे साय धरणार नाही. सोबत थर्मासमध्ये गरम पाणी किंवा दूध. अर्ध्या तासाने थोडं घालून ढवळा. थंड दूध ओतू नका, गुठळ्या होतात. दोन्ही भांडी ६० अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवीत, मांस आहे म्हणून.

पुण्याचा_अवि

वाचूनच भूक लागली. इथे पुण्यात मक्याचा जाड रवा मिळतो, तो चालेल का? आणि स्मोक्ड मांस कुठून आणू?

बोरिवलीची_नीता

अविदादा, जाड रवा चालेल, मात्र पांढऱ्या मक्याचा मिळणं कठीण, पिवळाच मिळेल. चव थोडी वेगळी, कृती तीच. बारीक असेल तर वेळ कमी लागेल. जात्यावरच्या पिठात मक्याचा अंकूर असतो, त्यातल्या तेलामुळे ते आपल्या हवेत लवकर खवट होतं. फ्रीजरमध्ये ठेवा. मांसासाठी स्मोक्ड चिकन बघा. गोव्याचं चोरीस घ्यायचं तर तो वेगळाच पदार्थ होईल, व्हिनेगर आणि मिरची फार पुढे येते. त्यात चीज घालू नका आणि टोमॅटोही वगळा.

रानजाई

सगळ्यांचे आभार. ठरलं: रात्री भिजवणार, पाव वाटा टर्कीचं पाणी, कोलार्ड शेजारी, भेंडी घरच्या डब्यात. आता एवढंच सांगा, उरले तर काय? तीन कप म्हणजे बरेच दिसताहेत.

कणीदार

चौकोनी ताटलीत गरम असतानाच थापून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वड्या कापून, कोरड्या पिठात घोळवून थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस तळा. चीज घातलं असेल तर तवा नॉनस्टिक घ्या, आणि उलटायची घाई करू नका, कड सुटली की मगच.